श्रेय एकट्या बरोचे नाही
लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने २०१९ च्या हंगामातील पंधराही सामने जिंकले, याचे जवळजवळ सगळे श्रेय तुमच्या लेखात क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) जो बरो याला दिले आहे, ते मला पटले नाही. त्याचे ६० टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणाऱ्या फेकी) कोण नाकारील? पण आदल्या हंगामात याच खेळाडूच्या नावावर अवघे १६ होते. मधल्या काळात न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघाकडून आलेल्या जो ब्रेडी या तरुण प्रशिक्षकाने आक्रमणाची पद्धतच बदलली आणि जमार चेस, जस्टिन जेफरसन यांच्यासारख्या रिसीव्हरांना (फेकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूंना) मोकळी जागा मिळू लागली. अंतिम सामन्यात क्लेमसन विद्यापीठाला ४२-२५ असे हरवले खरे, तरी माझ्या मते खरी कसोटी अलाबामा विद्यापीठाच्या मैदानावर ४६-४१ असा विजय मिळवताना लागली होती, आणि त्याचा लेखात साधा उल्लेखही नाही.