पासवर्ड लपवले नाहीत, शेठ

नमस्कार शेठ. तुमच्या वेबसाइटवर डीलरांसाठी लॉगिन बसवून दिलं, त्या कामाचा तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला मनस्ताप झाला त्याबद्दल दिलगीर आहे.

पण एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय, "वेबसाइट आमची, डीलर आमचे, तरी त्यांचे पासवर्ड आम्हालाच देत नाहीत, लपवून ठेवतात." हे फार लागलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका कारखानदाराने चांगलं सांगितलं की दुसरा काम देतो, त्यावर आमचं घर चालतं. म्हणून उत्तरही इथेच, सगळ्यांसमोर देतो.

डीलरांचे पासवर्ड माझ्याकडे नाहीतच. ते कुठेच साठवलेले नाहीत. डीलर पासवर्ड ठरवतो तेव्हा बीक्रिप्ट नावाच्या, उलट न फिरणाऱ्या पद्धतीने त्याची ६० अक्षरांची एक ओळ बनते आणि मारियाडीबी या डेटाबेसच्या टेबलात, म्हणजे तक्त्यात, फक्त ती ओळ जाते. लॉगिनच्या वेळी अपाची, म्हणजे वेबसाइटची पानं पाठवणारा सर्व्हर, त्या डीलरच्या नावापुढची ओळ डेटाबेसकडून मागवतो, टाइप केलेल्या पासवर्डवर तीच प्रक्रिया करतो आणि जुळतंय का बघतो. ओळीवरून पासवर्ड काढता येत नाही. पिठाची परत ज्वारी होत नाही, तसंच आहे हे.

तुमच्या ऑफिसात बसून लॅपटॉपवर दाखवलंही होतं. दोन चाचणीची खाती, दोघांना पासवर्ड एकच, १२३४५६. टेबलात मात्र सुरुवातीची खूण सोडली तर दोन्ही ओळी वेगळ्या, कारण प्रत्येकीत वेगळं सॉल्ट, म्हणजे आपोआप निवडलेली काही अक्षरं, मिसळलेलं असतं. तेव्हा तुम्ही म्हणालात, "ते राहू दे, मला यादी छापून दे."

शेठ, अशी यादी कुणाच्याच हातात नसावी. बरेच लोक तोच पासवर्ड ईमेललाही ठेवतात, कधी बँकेलाही. तुमच्याच बिलिंगच्या कॉम्प्युटरच्या कडेला चिकटपट्टीने पासवर्डचा कागद लावलाय, चहा घेऊन येणाऱ्या पोरालाही वाचता येतो. हे चारचौघांत लिहिणार नव्हतो, पण आरोपही चारचौघांतच झाला.

"साध्या लॉगिनला एवढे पैसे" असंही लिहिलंय. आधी सगळी नावं सर्व्हरवरच्या एका फाइलीत होती, एक डीलर वाढला की मला फोन. आता तुमच्या ऑफिसातल्या मॅडम स्क्रीनवरून नाव घालतात, काढतात. शिवाय लॉगिनच्या या पद्धतीत ब्राउझर पानावरचा प्रत्येक फोटो मागताना नाव-पासवर्ड पुन्हा पाठवतो. टॉवेलच्या ४० डिझाइनचं पान उघडलं की ४० फोटोंसाठी ४० वेळा डेटाबेसला विचारणा. ते टाळायला मध्ये कॅश बसवली, म्हणजे एकदा मिळालेली ओळ थोडा वेळ जवळ ठेवणारी सोय. आणि पासवर्ड वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून एचटीटीपीएस, म्हणजे माहिती सांकेतिक करून पाठवणारं कनेक्शन, सक्तीचं केलं. ही कामं डोळ्यांना दिसत नाहीत, पण रात्री जागून केलीत. हेच काम निम्म्या पैशात करणाऱ्याला विचारा, पासवर्ड टेबलात कसे ठेवतो म्हणून.

काढून टाकलेला डीलर नंतरही रेट बघत होता, ही तुमची तक्रार खरी आहे. ती कॅश ३०० सेकंद, म्हणजे ५ मिनिटं, जुनी माहिती धरते. काम ताब्यात देताना हे सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही फोनवर बोलत होतात. त्या ५ मिनिटांवरून "कुणीही आत घुसू शकतो" असं लिहिणं बरोबर नाही. तरी ती वेळ कमी करून देतो, पान थोडं जड होईल एवढंच. विसरलेला पासवर्ड डीलरला स्वतःच बदलता यावा, तीही सोय लवकरच टाकून देतो. तोवर ऑफिसमधून नवा पासवर्ड लावायचं बटण आहेच, मॅडमना माहीत आहे.

सात रस्त्याला आलात तर दुकानात या, टेबल उघडून तुमच्यासमोर ठेवतो. पटलं तर त्या एका ताऱ्याचं बघा.