पामतेल रक्तात गोठतं? आधी फळ फोडून बघा

घरात पामतेलाची पिशवी आली की हा मेसेज हटकून फिरतो: 'पामतेल 37 अंशांना वितळत नाही, म्हणून रक्तवाहिन्यांत मेणासारखं बसतं. त्यात कोलेस्टेरॉल ठासून भरलेलं असतं. मुळात लालभडक असतं, रसायनं घालून पांढरं करतात.'

पहिला मुद्दा सगळ्यात जास्त पटतो आणि सगळ्यात चुकीचा तोच आहे. पामतेल म्हणजे अनेक स्निग्धांचं मिश्रण. ते साधारण 33 ते 39 अंशांदरम्यान हळूहळू पातळ होतं. पिशवीत मिळतं ते बहुधा पामोलिन, म्हणजे घट्ट भाग काढून टाकलेलं तेल. ते तर त्याहून बरंच कमी तापमानालाही पातळ राहतं. पण वितळण्याचा इथे संबंधच काय? खाल्लेलं तेल जसंच्या तसं रक्तात जात नाही. पित्त त्याचे बारीक थेंब करतं, लायपेज हे पाचक विकर (एन्झाइम) ते फोडतं आणि आतड्याच्या पेशी तुकडे पुन्हा जुळवून, प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळून पुढे पाठवतात. नाहीतर थंडीत दगड होणाऱ्या साजूक तुपालाही हाच न्याय लावावा लागेल.

कोलेस्टेरॉल वनस्पती तेलांत नगण्य असतं, पामतेलातही. मात्र त्यात सुमारे 44 टक्के पामिटिक आम्ल हे संपृक्त (सॅच्युरेटेड) स्निग्धाम्ल असतं आणि ते रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, वाढवतं. आक्षेप घ्यायचाच तर इथे घ्या.

आता रंग. ज्याच्या फळातून हे तेल निघतं तो तेलताड मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. एका घडात हजार-दोन हजार फळं असतात, आणि त्यांचा गर केशरी असतो तो गाजरातल्यासारख्या कॅरोटिनॉइडमुळे: किलोभर कच्च्या तेलात 500 ते 700 मिलिग्रॅम. नायजेरिया, घानात हेच लाल तेल चवीने खातात. फळाला मार लागला की त्यातलंच लायपेज तेल फोडू लागतं आणि आम्लता चढते, म्हणून तोडणीनंतर साधारण दिवसभरात घड वाफवावे लागतात. शुद्धीकरणात विरंजक माती रंग शोषते, उरलेला 200 अंशांवरच्या वाफेत नष्ट होतो. पांढरा रंग कोणी मिसळत नाही. त्या तापमानाला ग्लिसिडिल एस्टर, म्हणजे कर्करोगाचा धोका असू शकणारी संयुगं, तयार होतात हे मात्र खरं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2016 मध्ये त्याबद्दल सावध केलं होतं. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही!

आणि एक गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याला बहुधा ठाऊकच नसावी. या फळातून दोन तेलं निघतात. गराचं ते पामतेल, त्यात संपृक्त स्निग्धं निम्मी. कवचाच्या आतल्या बीचं तेल वेगळं: जवळपास खोबरेलासारखं, निम्मं लॉरिक आम्ल (हेही संपृक्तच), संपृक्त 80 टक्क्यांच्या आसपास. बिस्किटाच्या पुड्यावर 'पाम कर्नेल' लिहिलं असेल तर ते हे दुसरं.