कासला कोणता कॅमेरा न्यायचा, हे फॉरवर्डने ठरवू नये

ऑगस्ट लागला की साताऱ्याजवळचं कास पठार रानफुलांनी भरायला लागतं, आणि साताऱ्यातल्या फोटोवाल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. थोडक्यात मजकूर असा: 'फुल फ्रेम नसेल तर कासला कॅमेरा आणूच नका, क्रॉप सेन्सर म्हणजे पोरांचं खेळणं. चाळीस मेगापिक्सेलच्या खाली प्रिंट निघत नाही. किट लेन्स आजच विका. मॅन्युअल मोड येत नाही तो फोटोग्राफर नव्हे. एडिट केलेला फोटो ही फसवणूक. मोबाइलवाल्यांनी सेल्फी काढावा आणि घरी जावं.' खाली जोडलेले हात आणि 'पटलं तर पुढे पाठवा'.

पटो न पटो, लोक पाठवतात. एरवी मी सोडून दिलं असतं. पण आमच्या गल्लीतला डिप्लोमाला असलेला पोरगा हा मेसेज दाखवून विचारायला लागला, 'काका, हप्त्यावर फुल फ्रेम घेऊ का? नाहीतर या वर्षी कास राहू दे.' म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

पहिला मुद्दा फुल फ्रेमचा, आणि सगळा मेसेज त्यावरच उभा आहे. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी बसलेला, प्रकाश टिपणारा तुकडा. फुल फ्रेमचा ३६ बाय २४ मिलिमीटरचा, क्रॉपचा साधारण २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळ काढलं तर फुल फ्रेम सव्वादोन पटींहून थोडा मोठा भरतो. तेवढा प्रकाश जास्त गोळा होतो, म्हणजे एक स्टॉपपेक्षा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) थोडा जास्त फायदा. हे खरं आहे आणि कुणी नाकारू नये. रात्रीच्या विसर्जन मिरवणुकीत किंवा बामणोलीला शिवसागर जलाशयाच्या काठी तारे टिपताना तो फायदा डोळ्यांना दिसतो.

पण कासला माणसं काढतात काय? सीतेची आसवं घ्या. जांभ्यावरच्या पातळ, ओल्या मातीत एक काडीसारखा दांडा, आणि त्याच्या टोकाला नखाएवढं निळंजांभळं फूल. (दिसायला नाजूक, पण ही बया मांसाहारी आहे. मातीत पोषण नाही म्हणून बुडाशी बारीक पिशव्या ठेवून त्यात सूक्ष्म जीव ओढून घेते.) एवढ्याशा फुलाच्या जवळ गेलं की फोकसमध्ये येणारा भाग काही मिलिमीटरच उरतो. पुढची पाकळी धरावी तर मागची धूसर होते. सगळं फूल स्पष्ट हवं असेल तर ॲपर्चर, म्हणजे लेन्सच्या आतलं प्रकाशाचं भोक, बारीक करत जावं लागतं.

इथे हिशोब फिरतो. चित्रात फूल तेवढंच मोठं ठेवून क्रॉपवर एफ/८ ला (एफचा आकडा मोठा तेवढं भोक बारीक) जेवढा भाग स्पष्ट येतो, तेवढाच फुल फ्रेमवर मिळवायला एफ/१२ च्या आसपास जावं लागतं. प्रकाश घटला. शटर जास्त वेळ उघडं ठेवून भरपाई करावी म्हटलं तर पठारावर वारा थांबत नाही, फूल सारखं डोलतं, आणि शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू झालं की हललेला फोटो घेऊन घरी जाता. मग राहिलं आयएसओ, म्हणजे कॅमेरा आलेला प्रकाश किती वाढवून दाखवतो ते; ते वाढवलं की फोटोत दाणे दिसतात. क्रॉपवाला ८०० वर काम भागवतो, फुल फ्रेमवाल्याला १८०० च्या आसपास जावं लागतं. एक स्टॉप म्हणून जे विकत घेतलं, ते याच फुलापाशी खर्च झालं. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर कुठला कशाचा, हे मेसेज लिहिणाऱ्यालाही सांगता यायचं नाही.

शिवाय ३६ बाय २४ हे माप काही ब्रह्मदेवाने लिहून दिलेलं नाही. सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा ओस्कर बार्नाकने बनवला, आणि लायका १९२५ मध्ये बाजारात आला. मोठ्या प्लेट कॅमेऱ्यांवर वाढलेल्या स्टुडिओवाल्यांना तेव्हा हेच माप खेळण्यातलं वाटत होतं. त्या खेळण्याने पुढे बातम्यांची छायाचित्रं काढण्याची पद्धतच बदलली.

त्या पोराला मी विचारलं, बॉडीवर सगळे पैसे घातल्यावर लेन्स कशाची लावणार? त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. फुल फ्रेमच्या चांगल्या लेन्सही महाग आणि जड असतात, हे मेसेजमध्ये कुणी लिहीत नाही. जुनी क्रॉप बॉडी आणि खरी मॅक्रो लेन्स (बारीक वस्तू अगदी जवळून घेणारी), ही जोडी कासला नव्या फुल फ्रेम बॉडीवरच्या साध्या झूमपेक्षा कितीतरी पुढे जाते.

मेगापिक्सेलचं फार लांबवण्यासारखं नाही. बारा बाय अठरा इंचाची प्रिंट ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) काढली तर १९.४ मेगापिक्सेल लागतात, २०० डीपीआयने काढली तर ९ सुद्धा लागत नाहीत. २००५ मध्ये आलेला कॅननचा फाइव्ह डी १२.८ मेगापिक्सेलचा होता आणि त्यावर लोकांनी लग्नांचे जाडजूड अल्बम केले. फोर के टीव्हीचा अख्खा पडदा ८.३ मेगापिक्सेलचा. आणि साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर वाढदिवसाचे जे फ्लेक्स लागतात, ते तर व्हॉट्सॲपवरून आलेल्या, दाबून दाबून बारीक झालेल्या फोटोवरून छापलेले असतात. रस्त्यावरून भाऊंची मिशी व्यवस्थित दिसते. लांबून बघायच्या चित्राला पिक्सेल कमी लागतात, एवढाच त्याचा अर्थ.

किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी साधी झूम. ती विका म्हणणाऱ्यांनी ती कितीला जाते हेही सांगावं. नवीन १८-५५ मिलिमीटर लेन्सपैकी काहींचं मॅग्निफिकेशन ०.३६ ते ०.३८ पर्यंत जातं. म्हणजे सहा-साडेसहा सेंटिमीटर रुंदीचा भाग फ्रेम भरून येतो. तेरड्याच्या दोन-तीन फुलांना एवढं पुष्कळ झालं. आणखी जवळ जायचं असेल तर मध्ये एक्स्टेन्शन ट्यूब बसवा. त्यात काच नसते, नुसती पोकळ नळी, म्हणून स्वस्त मिळते. ५५ ला ही लेन्स एफ/५.६ वर अडकते, भोक त्याहून उघडत नाही, त्यामुळे मंगल कार्यालयातल्या कमी उजेडात ती रडते, हे मान्य. त्यासाठी ५० मिलिमीटर एफ/१.८ घ्या, फार महाग नाही. पण किट लेन्सचं खरं मोल बघायचं असेल तर पालला खंडोबाच्या यात्रेत जा. भंडाऱ्याची पिवळी धूळ हवेत इतकी असते की श्वास घ्यावा तरी हळद. तिथे लेन्स बदलायला कॅमेरा उघडलात की सेन्सरवर येळकोट झालाच म्हणून समजा. जी लेन्स रुंद पण घेते आणि थोडं जवळचंही घेते, न काढता दिवस निभावते, ती त्या दिवशी सगळ्यात शहाणी.

जाता जाता यूव्ही फिल्टरचं. दुकानदार तो हमखास गळ्यात मारतो. फिल्म अतिनील किरणांना संवेदनशील होती, तेव्हा त्याचा उपयोग होता. डिजिटल सेन्सरसमोर त्यासाठीची काच आधीच असते. धूळ-पाण्यापासून आडोसा म्हणून लावायचा तर लावा. पण कासला पैसे घालायचेच असतील तर पोलरायझर फिल्टर घ्या. ओल्या पानांवरची पांढरी चमक फिरवल्याबरोबर उतरते आणि खालचा हिरवा वर येतो. हे काम नंतर कॉम्प्युटरवर नीट होत नाही.

मॅन्युअल मोडचा, म्हणजे सगळे आकडे हाताने लावण्याचा, मुद्दा मला नुसता मिशीवर ताव मारण्याचा वाटतो. कासला ढग सारखे पळत असतात. आत्ता ऊन, पाच मिनिटांत धुकं, परत ऊन. मॅन्युअलवर बसलेला माणूस चकती फिरवेपर्यंत फुलपाखरू निघून जातं. त्यापेक्षा ॲपर्चर प्रायॉरिटी (ॲपर्चर आपण ठरवायचं, बाकी कॅमेऱ्याने), ऑटो आयएसओ, शटरची खालची मर्यादा ठरवून दिलेली, आणि हाताच्या अंगठ्याखाली एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची चकती). धुकं पांढरं असतं म्हणून कॅमेरा ते राखाडी करतो, तेव्हा दोन टिचक्या प्लसकडे द्यायच्या. काय हवंय ते माणूसच ठरवतो, आकडेमोड यंत्र करतं. मॅन्युअल शिकावा, फ्लॅश वापरताना किंवा पॅनोरमा जोडताना त्याच्यावाचून अडतं. पण त्यावरून कुणाला फोटोग्राफर म्हणायचं ते ठरवणं म्हणजे फुकटचा तोरा.

आता एडिटिंग. इथे मेसेजवाला नुसता चुकत नाही, तर रेषा भलत्याच ठिकाणी ओढतो.

'जसा आला तसा' म्हणून जो जेपीईजी मिरवला जातो, तो कॅमेऱ्याने आधीच एडिट केलेला असतो. रंग किती गडद, कडा किती तीक्ष्ण, पांढरा कुठला, हे सगळं कंपनीत बसलेल्या इंजिनिअरने ठरवून आत भरलेलं असतं. सेन्सरने १४ बिटमध्ये टिपलेल्या १६,३८४ पायऱ्यांतून जेपीईजीत दर रंगाच्या २५६ उरतात. कुठल्या ठेवायच्या, हे कुणीतरी निवडलंच. तुम्ही रॉ, म्हणजे सेन्सरवरचा कच्चा फोटो, उघडून स्वतः निवडलं तर ती फसवणूक कशी? जांभळा रंग तर बहुतेक कॅमेऱ्यांना पचतच नाही. पठारावर डोळ्यांनी जांभळी दिसलेली फुलं ढगाळ हवेत ऑटो व्हाइट बॅलन्सवर (पांढरा कुठला ते कॅमेऱ्यावर सोपवलं की) निळी पडतात. ती परत जांभळी केली की फोटो खऱ्याच्या जवळ गेला. अमेरिकेतला नावाजलेला फोटोग्राफर अन्सेल ॲडम्स मूळचा पियानोवाला. निगेटिव्ह म्हणजे लिहिलेली स्वररचना आणि प्रिंट म्हणजे तिचं वादन, असं तो मानायचा. १९४१ साली त्याने न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्र टिपला. त्याच्या नंतरच्या प्रिंट्समध्ये जे काळंभोर आकाश दिसतं, ते डार्करूममध्ये मेहनत करून आणलेलं आहे.

उलट बाजू बघा. एकही स्लायडर न हलवता लोक काय करतात, हे कासला दर सीझनला दिसतं. फुलामागचं गवत 'फ्रेममध्ये येतंय' म्हणून उपटतात. स्प्रेच्या बाटलीतून दव पाडतात. कवल्याची फुलं तोडून एकत्र रचतात, का तर पिवळ्यावरचे ते लाल ठिपके म्हणजे मिकी माऊस, आणि एकाच फोटोत चार मिकी हवेत. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, आणि तिची फांदी वाकवून मैत्रिणीच्या केसांजवळ धरतात, वाकवताना मोडते. असा फोटो कॅमेऱ्यातून थेट आला, एडिट शून्य. मेसेजच्या हिशोबाने तो पवित्र. आणि चटईवर पालथं पडून, काही न तोडता घेतलेला, घरी सावल्या थोड्या उजळलेला फोटो खोटा! ८५० हून अधिक जातींच्या फुलझाडांची नोंद असलेलं पठार आहे हे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. तिथे मातीचा थर बोटभर. बूट पडला तिथली रोपं त्या वर्षापुरती गेली. फसवणुकीचा शिक्का मारायचाच असेल तर या फोटोंवर मारा. एआयने फुलांचे गालिचे पसरून 'आजचं कास' म्हणून टाकणाऱ्यांनाही त्याच रांगेत बसवा. ते बघून पुण्या-मुंबईची माणसं येतात आणि 'एवढंच?' म्हणत परत जातात.

राहिले मोबाइलवाले. त्यांना घरी पाठवायचं कारण काय? मोबाइलचा सेन्सर बारीक, म्हणून जवळून घेतलेल्या फुलाचा भाग आपोआप जास्त स्पष्ट येतो. मोबाइल उलटा धरला की लेन्स जमिनीला टेकते. मोठ्या कॅमेऱ्याला ती उंची गाठायला खड्डा खणावा लागेल. रॉ सुद्धा आता बऱ्याच मोबाइलवर मिळतो. अडचण दुसरीच आहे: मोबाइलने छोटं फूल घ्यायचं तर अगदी जवळ जावं लागतं, आणि जवळ जायला माणूस पायवाट सोडतो. म्हणून मोबाइल असेल तर वाटेच्या कडेचंच फूल निवडा, तीही ढिगाने असतात. वाटेपासून लांबचं हवं असेल तर ७०-३०० सारखी साधी टेली लेन्स लावा. आणि त्या 'खेळण्यातल्या' क्रॉप बॉडीवर तिचं ३०० हे फुल फ्रेमवरच्या ४५० एवढं जवळ आणतं, पाय वाटेवरच ठेवून.

मेसेज पुढे पाठवायची खाज असेलच तर मजकूर बदलून पाठवा: घरून निघायच्या आधी तिकीट ऑनलाइन काढा, शनिवार-रविवार टाळा, बसायला जाड प्लास्टिक आणि कॅमेऱ्याच्या बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. गाडीतला एसी यवतेश्वरचा घाट चढतानाच बंद करा, नाहीतर वर दार उघडल्याबरोबर लेन्सवर वाफ धरते, मग सेन्सर फुल असो की क्रॉप.