चेअरमन गेले आणि काटा शून्यावर आला

गेल्या शुक्रवारी, म्हणजे ५ सप्टेंबर २०२५ ला, एका प्लंबरने माझ्याच स्वयंपाकघरात उभे राहून मला ‘डॅनियल लेव्ही’ म्हटले आणि ते म्हणायला लागलेल्या वेळेचे तासाच्या हिशोबाने पैसेही घेतले. आज आठवडा होत आला, तरी तो शब्द काही केल्या पचत नाही.

हकीकत साधी आहे. आम्ही उत्तर लंडनमध्ये, टॉटनहॅम या फुटबॉल क्लबच्या मैदानापासून चालत वीस मिनिटांवर राहतो. घरात गणपती, दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी, आणि नेमका बॉयलर बंद पडलेला. सकाळी नऊला येतो म्हणालेला प्लंबर बाराला आला. आदल्याच दिवशी, जवळजवळ पंचवीस वर्षे टॉटनहॅम हॉटस्परचे कार्यकारी अध्यक्ष राहिलेले लेव्ही पायउतार झाल्याची बातमी आली होती. परंतु तिचा माझ्या गरम पाण्याशी काही संबंध असेल, असे मला वाटण्याचे कारण नव्हते.

प्लंबरने बॉयलरचे झाकण काढले, दाब दाखवणाऱ्या तबकडीवर टिचकी मारली आणि काटा शून्यावर असल्याचे मला खाटकाच्या गांभीर्याने दाखवले. काटा एक ते दीड बारच्या मध्ये हवा असतो. खालच्या बाजूची दोन बारीक चाव्यांसारखी हँडले त्याने फिरवली, पाणी भरल्याचा आवाज आला, काटा सरकला आणि बॉयलर सुरू झाला. मी घड्याळाकडे पाहिले होते: सात मिनिटे. तेवढ्यात शेजारचे आजोबा आमचा मोदकांचा डबा परत करायला आले, प्लंबरच्या अवजारांच्या पेटीवरचा कोंबड्याचा, म्हणजे टॉटनहॅमच्या चिन्हाचा, स्टिकर त्यांना दिसला, आणि डबा हातातच ठेवून त्यांनी विचारले, “मग, आज आनंदात असशील?”

आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. १९६१ साली टॉटनहॅमने एकाच मोसमात लीग आणि एफए कप जिंकला तेव्हा ते चौदा वर्षांचे होते, आणि त्यानंतर जगात जे काही घडले ते त्यांच्या मते उतरणच आहे. तरीही ते लेव्हींच्या बाजूचे निघाले. प्लंबर चाळिशीचा, आणि कडवा विरोधक.

“दोन कप!” तो म्हणाला. “पंचवीस वर्षांत दोन. २००८ चा लीग कप आणि आत्ताचा युरोपा लीगचा. आणि युरोपा जिंकून देणाऱ्या प्रशिक्षक पोस्टेकोग्लूला सोळा दिवसांत घरी पाठवला!”

“लीगमध्ये सतरावा नंबर आला होता त्याचा,” आजोबा म्हणाले.

“मग मोरिन्यो? फायनल सहा दिवसांवर असताना कोणी प्रशिक्षक काढतो का?”

इथपर्यंत मी हसतमुख होतो. यानंतर प्लंबरने इकडेतिकडे पाहिले आणि ओट्यावरचा आमचा मिसळणाचा डबा पुढे ओढला. आपले म्हणणे पटवून देण्यासाठी त्याला गोल वस्तू हवी होती, आणि आमच्या घरात त्या डब्याइतकी सोयीची वस्तू दुसरी नव्हती. मधल्या वाटीतल्या जिऱ्यावर बोट ठेवून तो म्हणाला, “हा पॉचेतिनो. सगळ्यात जास्त टिकला.” तिखटाची वाटी मोरिन्योला मिळाली, मेथ्या कॉन्तेला, मोहरी पोस्टेकोग्लूला. आजोबांनी चष्मा वर सरकवून वाट्या मोजल्या आणि सात वाट्या पुरणार नाहीत, प्रशिक्षक डझनावर झाले, असे शांतपणे सुनावले. तेव्हा प्लंबरने पेटीतून वॉशर काढून ओळीने ओट्यावर मांडले: होडल, सांतिनी, योल, रामोस, रेडनॅप. प्रत्येक नावाबरोबर तो एक वॉशर उचलून सिंकमध्ये टाकत होता, आणि प्रत्येक आवाजासरशी दारात उभ्या असलेल्या माझ्या पत्नीच्या कपाळावरची आठी एकेक बोटाने वाढत होती.

आजोबांनी उत्तरादाखल हळदीची वाटी उचलली. “हे स्टेडियम,” ते म्हणाले. “बासष्ट हजार आठशे पन्नास खुर्च्या. गवत तीन तुकड्यांत सरकत स्टँडखाली जाते आणि खालून अमेरिकन फुटबॉलचे मैदान निघते. असे कोणी बांधले होते याआधी?” एवढे सांगून त्यांना समाधान नव्हते. त्यांनी आमचा चमच्यांचा ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढला, तो गवत आहे असे जाहीर केले आणि सावकाश, दोन्ही हातांनी, आत ढकलला. मग पुन्हा बाहेर ओढला. तिसऱ्या वेळी झारा अडकला. प्लंबरने पान्याच्या टोकाने तो सोडवला आणि म्हणाला, “बघा, इथेसुद्धा मीच लागलो. शिवाय ते स्टेडियम वेळेवर कुठे झाले? २०१८ ला उघडणार होते, उघडले एप्रिल २०१९ मध्ये.”

“तू नऊला येणार होतास,” आजोबा म्हणाले.

ही त्या दुपारची एकमेव गोष्ट होती जिने मला निखळ आनंद दिला.

आता मी कोल्हापूरचा माणूस आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या फुटबॉल संघांचा सामना असला की ज्या गावात लग्नाचा मुहूर्तही दबकून काढतात, त्या गावात वाढल्यामुळे या भांडणातली तळमळ मला कळत होती. आणि चेअरमन हा शब्द तर आमच्याकडे पाळण्यात ऐकायला मिळतो. फक्त तो साखर कारखान्याचा असतो. म्हणून मी समंजसपणे मध्ये पडलो. मी म्हणालो की तुमचा वाद आमच्या गावात दर गळिताला होतो. चेअरमन मोठी इमारत बांधतो, वीजनिर्मिती सुरू करतो, डिस्टिलरी काढतो, सगळा जिल्हा बघायला येतो. आणि शेतकरी बांधावर उभा राहून विचारतो की हे सगळे ठीक आहे, पण उसाला दर किती? लेव्हींनीही स्टेडियमच्या आत बिअर तयार करण्याचा कारखाना काढला, तोही आमच्या डिस्टिलरीसारखाच. परंतु उत्पन्नाच्या मानाने खेळाडूंच्या पगारावर इतका हात आखडता घेणारा मोठा क्लब इंग्लंडमध्ये दुसरा नव्हता. २०१८ च्या उन्हाळ्यात तर एकही खेळाडू विकत घेतला नाही. पुढच्या जूनमध्ये तोच जुना संघ माद्रिदला चॅम्पियन्स लीगच्या फायनलपर्यंत पोहोचला आणि लिव्हरपूलकडून दोन गोलांनी हरला, यात चेअरमनचे कर्तृत्व किती आणि संघाचे किती, हे ज्याने त्याने ठरवावे. दर न देणाऱ्या कारखान्याची चिमणी कितीही उंच असली तरी ती धूरच सोडते, असे काहीसे मी बोललो.

दोघेही माझ्याकडे टक लावून बघत राहिले. मग प्लंबरने विचारले, “तुमच्याकडे उसावर फुटबॉल खेळतात?”

त्यानंतर मला कोणी विचारले नाही. नाही म्हणायला एकदा, क्लबचे नवे मुख्य कार्यकारी अधिकारी विनय वेंकटेशम यांचा विषय निघाला तेव्हा, दोघांनी एकदम माझ्याकडे मान वळवली. ते पूर्वी आर्सेनलमध्ये, म्हणजे टॉटनहॅमच्या शेजारच्या हाडवैरी क्लबात, होते ही गोष्ट जणू मीच त्यांना वेळीच सांगायला हवी होती. एबेरेची एझे हा खेळाडू हातातोंडाशी आलेला असताना आर्सेनलने पळवला, त्याचाही थोडा दोष माझ्याकडे आला. टॉटनहॅमचा गोलवीर हॅरी केन जर्मनीच्या बायर्न क्लबला गेला त्याचे दुःख मात्र दोघांनी मिळून, माझ्या दोन कप चहाबरोबर आणि उरलेल्या चार मोदकांबरोबर केले. केनच्या २८० गोलांपाशी प्लंबरचा आवाज बसला. आजोबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मीही गंभीर चेहरा केला, कारण त्या वेळी हसणे बरे दिसले नसते.

मग बिल आले. दोन तास, अधिक येण्याचा आकार.

मी विनयाने सांगितले की काम सात मिनिटांचे होते; फार तर अर्धा तास धरू. तो म्हणाला, दोन तास. मी म्हणालो, मोदक वजा करू. तो म्हणाला, एक तास पंचेचाळीस मिनिटे. मी सव्वा तासावर अडून बसलो, पाकीट खिशात परत ठेवले, दाराकडे पाहिले, पुन्हा पाकीट काढले. आमच्या मंडईत याला व्यवहार म्हणतात. आणि तेव्हा तो आजोबांकडे वळून, अगदी हताश स्वरात म्हणाला, “बघितलेत? कालच एक गेला आणि आज हा दुसरा डॅनियल लेव्ही!”

माझा खरा राग त्याच्यावर नाही, आजोबांवर आहे. त्यांनी माझी बाजू घ्यायला हवी होती. त्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला आणि डोळे पुसत म्हणाले, “क्लब तुमच्यासारख्याच माणसाने सांभाळला.”

मी दीड तासाचे पैसे दिले. सात मिनिटांच्या कामाला दीड तास, आणि वर हळद गेली, कारण तिच्यात काळ्या ग्रीसचे बोट उमटले होते. विसर्जनाच्या पूजेला दुसरे पाकीट फोडावे लागले. परदेशात तासावर माणूस बोलावला की तोंड बंद ठेवावे आणि मोदक झाकून ठेवावेत, हे मला सतरा वर्षांत कोणी सांगितले नव्हते. पत्नीने मात्र त्या संध्याकाळी एकच प्रश्न विचारला: “अहो, पण तुम्ही मध्ये उसाचं कशाला काढलंत?”

काल सकाळी काटा पुन्हा शून्यावर होता. फोन केला तेव्हा प्लंबर म्हणाला की शनिवारी वेस्ट हॅमकडे मॅच आहे, सोमवारी नऊला येतो. भिंतीपलीकडून आजोबांनी ऐकले असावे. पाचच मिनिटांत बेल वाजली. नऊला म्हणाला आहे म्हणजे आपण बाराला यावे ना, एवढेच त्यांना विचारायचे होते.