दुसरा कॉमा वाचवा

इंग्रजीत लिहिताना कॉमाचे फार लाड करू नयेत. नावापाठोपाठ येणारी माहिती दोन्ही बाजूंनी कॉमात बसवायची, ही तर निव्वळ उधळपट्टी. मराठीत आपण ‘नाशिकला असलेली माझी बायको’ म्हणून मोकळे होतो. कुठली बायको, असं कुणी विचारत नाही.

हीच काटकसर मी रजेच्या अर्जात केली. ‘माय वाइफ हू इज इन नाशिक इज इल.’ साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, ‘‘बाकीच्या बऱ्या आहेत ना?’’ त्यांचं म्हणणं, कॉमा नसले की ‘हू इज इन नाशिक’ हे शब्द अनेकींतून एकीला निवडून काढतात. कॉमात घातले तर ती जाता जाता दिलेली माहिती. उचलून फेकली तरी बायको तीच. तुम्ही असल्या बारकाव्यांत पडू नका. मला चार दिवस रजा मिळाली की!

अगदीच हात शिवशिवले तर एक कॉमा घाला, दुसरा वाचवा. फाटक पाडून फाटकवाला जेवायला निघून गेला, तसा वाचणारा वाक्याच्या मध्यावर खोळंबेल. खोळंबू दे, त्याला कुठं गाडी गाठायचीय?

दुसऱ्या कॉमाची किंमत कॅनडातल्या रॉजर्स कंपनीला विचारा. खांबांवरून केबल नेण्याचा 2002 चा करार. पाच वर्षं, कॉमा, त्यापुढे पाच-पाच वर्षं, कॉमा, एक वर्षाची नोटीस देऊन कुणी मोडला नाही तर. पहिली पाच वर्षं पक्की, असं रॉजर्स धरून चालली होती. 2006 मध्ये तिथल्या दूरसंचार नियामकानं नेमकं दुसऱ्या कॉमावर बोट ठेवलं. मधला तुकडा दोन कॉमांत अडकला, म्हणजे नोटिशीची अट पहिल्या पाच वर्षांनाही लागू! सुमारे 21 लाख डॉलरांचा फटका बसणार, असा हिशेब निघाला. पुढच्या वर्षी कराराची फ्रेंच प्रत पुढे आली, तिच्यात दुसरा अर्थ निघायला जागाच नव्हती, आणि नियामकानं आपलंच म्हणणं फिरवलं. तेव्हा भाडेकरार करताना घरमालकाकडून फ्रेंच प्रत मागून घ्यायला विसरू नका.

मी मात्र मोहाला बळी पडलो. पुढच्या अर्जात दोन्ही कॉमा जागच्या जागी घातले. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला.

‘‘एकच आहे ना? मग दोन दिवस पुरेत.’’