‘द डार्क नाइट’चा जोकर आणि आमच्या ट्रॉलीवरचे बाजीप्रभू

परवा रात्री साडेअकराला एक लांबलचक मेसेज येऊन पडला. आधी निपाणीच्या मेहुण्यानं पाठवला, मग खानापूरच्या मावसभावानं. सकाळी आमच्या दूधवाल्यानंही तोच पाठवला तेव्हा मी मुकाट्यानं चष्मा लावला. मथळा होता, ‘काळी रात्र : आपल्याच नटाचा जीव घेणारा सिनेमा’. सिनेमा म्हणजे ख्रिस्तोफर नोलनचा २००८ सालचा ‘द डार्क नाइट’, बॅटमॅन आणि जोकरचा. यातला नाइट म्हणजे रात्र नव्हे, सरदार. मथळ्यातच ठेच लागली म्हटल्यावर पुढं काय वाढून ठेवलंय ते कळलंच.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात सांगतो. जोकर करणारा हीथ लेजर महिनाभर खोलीत कोंडून घेऊन वेडा झाला. शूटिंग चालू असतानाच त्यानं जीव दिला, डायरीत ‘बाय बाय’ लिहून. आधीच्या बॅटमॅन सिनेमात जोकर केलेल्या जॅक निकल्सननं त्याला ‘ही भूमिका घेऊ नकोस’ म्हणून बजावलं होतं. हॉस्पिटल उडवायच्या सीनमध्ये स्फोट फसला, पण जोकर इतका अंगात भिनलेला की त्यानं तो प्रसंग तसाच निभावून नेला. उरलेला सिनेमा कॉम्प्युटरवर पुरा केला. आणि शेवटी, हा सिनेमाच शापित.

तारखांपासून सुरुवात करू, कारण तिथं वाद घालायला जागाच नाही. ‘द डार्क नाइट’चं चित्रीकरण नोव्हेंबर २००७ मध्ये संपलं. लेजर गेला २२ जानेवारी २००८ ला, न्यूयॉर्कच्या राहत्या घरी, वयाच्या २८ व्या वर्षी. मधल्या काळात जोकरचा रंग पुसून तो दिग्दर्शक टेरी गिलियमच्या दुसऱ्या सिनेमात काम करत होता. अर्धवट राहिला तो हा दुसरा सिनेमा. त्यातलं त्याचं उरलेलं काम जॉनी डेप, ज्यूड लॉ आणि कॉलिन फॅरेल या तिघांनी वाटून पुरं केलं. मेसेज लिहिणाऱ्यानं दोन सिनेमांची खिचडी केली आणि वरून कॉम्प्युटरची फोडणी दिली. जोकरचं काम आधीच पुरं झालं होतं.

‘जीव दिला’ हेही खोटं. न्यूयॉर्कच्या वैद्यकीय तपासणी अधिकाऱ्यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये निष्कर्ष दिला तो अपघाती मृत्यूचा. वेदनाशामक, चिंतेवरची आणि झोपेची अशी सहा औषधं शरीरात एकत्र आली होती. सगळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी किंवा दुकानात सहज मिळणारी. गिलियमच्या सिनेमाचं शूटिंग लंडनच्या ओल्या थंडीत, रात्री उघड्यावर चाललं होतं. सगळ्यांनाच सर्दी झाली होती आणि हीथची काही केल्या बरी होईना, असं त्याच सिनेमातले ज्येष्ठ नट ख्रिस्तोफर प्लमर यांनी सांगितलंय. आदल्या रात्री बहिणीनं त्याला फोनवर सांगितलं होतं, झोपेच्या गोळ्यांबरोबर बाकीची औषधं घेऊ नकोस. हे त्याच्या वडिलांनीच नंतर सांगितलं. आपल्याकडं खोकल्याचं औषध, अंगदुखीची गोळी आणि शेजारच्या काकूंनी दिलेली झोपेची अर्धी गोळी एकाच घोटात घेणारी माणसं घरोघरी आहेत. मेसेजनं सावध करायचं होतं ते याबद्दल. पण गोळ्यांची गोष्ट कोण फॉरवर्ड करणार?

झोप त्याला लागत नव्हती, हे खरं. २००७ च्या शेवटी दिलेल्या मुलाखतीत त्यानं स्वतःच सांगितलं होतं की रात्रीची जेमतेम दोन तास झोप होते, डोकं थांबतच नाही. खोलीत राहून तयारी केली हेही खरं. लंडनच्या हॉटेलात महिनाभर बसून त्यानं आवाज आणि हसू घोटून घेतलं, डायरी भरली. पण ती डायरी म्हणजे नटाची वही. तरसांचे फोटो, कॉमिक्सची कात्रणं, आपल्या प्रसंगांचे संवाद हातानं उतरवून काढलेले. शेवटच्या पानावरचं ‘बाय बाय’ शूटिंग संपलं तेव्हाचं आहे. निरोप होता तो जोकरला. वडिलांनी ती डायरी कॅमेऱ्यासमोर उघडून दाखवली तेव्हा त्यांना ते पान बघवेना. बापाला बघवणार कसं? पण बापाच्या त्या हुंदक्यावरून आत्महत्येची चिठ्ठी तयार करणं, याला काय म्हणावं? उलट त्याची बहीण केट हिनं २०१७ मध्ये स्पष्ट सांगितलं की जोकर करताना तो मजेत होता, भूमिकेनं त्याला खाल्लं ही बातमी वाचून घरच्यांना धक्काच बसला.

निकल्सनचं वाक्य एवढ्यासाठी घेतो की ते अर्धं खरं आहे. बातमी कळल्यावर लंडनमध्ये पत्रकारांनी गाठलं तेव्हा ‘मी त्याला बजावलं होतं’ असं तो म्हणाला. पुढं त्यानं खुलासा केला की ते भूमिकेबद्दल नव्हतं, झोपेच्या एका गोळीबद्दल होतं. खुलासा कुणी पाठवत नाही.

आता हॉस्पिटल. याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण या धंद्यातलं मला थोडं कळतं.

बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत मी अकरा वर्षं आमच्या ट्रॉलीमागं तोफेवर होतो. तोफ म्हणजे पत्र्याचा डबा आणि त्यात सुतळी बॉम्ब. देखावा पावनखिंडीचा. बाजीप्रभू करायचे आमच्या गल्लीतले एक सुतार मामा. विशाळगडावरून तोफा ऐकू आल्या की मगच त्यांनी पडायचं. एका वर्षी रामदेव गल्लीच्या तोंडाशी वळीव कोसळला. सुतळी भिजली. कॅसेटवरचा निवेदक ‘आणि तोफा कडाडल्या!’ म्हणून गप्प झाला, तोफ काही कडाडेना. मामांनी दोन हातांत दोन पट्टे फिरवत आणखी दहा-बारा मावळ्यांपुरती लढाई केली. मग गुडघ्यावर आले, मान माझ्याकडं वळवली आणि दातओठ खात म्हणाले, ‘उडीव की रे! किती वेळ मरू मी?’ पहिल्या रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

स्फोट खरोखर फसतो तेव्हा हे असं होतं. नटाची नजर पहिल्यांदा बत्ती लावणाऱ्याकडं जाते. आता लेजरचा सीन परत बघा. नर्सच्या पोशाखात तो चालत येतो, मागं बारके स्फोट होतात, मग सगळं थांबतं. तो वळतो, खांदे उडवतो, रिमोट हातावर आपटतो, बटणं दाबतो. नजर एकदाही इकडंतिकडं नाही. मग इमारत धाडधाड कोसळते आणि तो दचकून बसमध्ये शिरतो. ते सगळं ठरवलेलं, सराव केलेलं. इमारत होती शिकागोमधला ब्राक्स कंपनीचा बंद पडलेला गोळ्या-चॉकलेटचा कारखाना. ऑगस्ट २००७ मध्ये ती खरोखर पाडली, त्यामुळं दुसरा टेक मिळणारच नव्हता. स्फोटांचा क्रम लावणारा ख्रिस कॉर्बोल्ड यानं सांगितलंय की मधली थांबणूक योजनेतच होती. नट बसपाशी सुखरूप पोचल्याशिवाय मोठा बार उडवायचा नाही, हा त्यातला खरा मुद्दा. आम्ही पंचाहत्तर रुपयांच्या सुतळी बॉम्बला मामांपासून पाच पावलं लांब ठेवत होतो. ते लोक अख्खी इमारत नटाच्या लहरीवर सोडतील?

यात लेजरचं काही कमी होत नाही. ठरवलेली गोष्ट आत्ताच सुचल्यासारखी करून दाखवणं, याचेच तर नटाला पैसे मिळतात.

मारामारीचंही तसंच. चौकशीच्या खोलीत बॅटमॅननं त्याला खरोखर बडवलं, असं मेसेज म्हणतो. बॅटमॅन झालेल्या ख्रिश्चन बेलनं सांगितलेली हकिगत उलटी आहे. हीथ मार म्हणून मागं लागला होता, आणि बेल म्हणत होता की खरं मारायची गरज नाही, तसंही चांगलंच दिसेल. हीथ मग स्वतःच भिंतींवर आदळत राहिला, सेटच्या फरश्यांना पोचे पडले. एवढ्या जोशात त्यानं काम केलं, हे कबूल.

‘तोंड स्वतः रंगवायचा’ हे वाचून मात्र रंगभूषाकाराची कीव आली. जॉन कॅग्लिओन हा माणूस त्याला खुर्चीत बसवून कपाळाला आठ्या घालायला लावायचा, त्या आठ्यांवरून पांढरा रंग फिरवायचा, मग कपाळ सैल सोडायला सांगायचा. जोकरच्या चेहऱ्यावर भेगा दिसतात त्या अशा आल्या. गालांवरचे व्रण कॉनर ओ’सलिव्हनचे. दोघांना ऑस्करचं नामांकन होतं. जोकरसाठी लेजरला मरणोत्तर ऑस्कर मिळालं, पण मेसेज म्हणतो तसा मरणोत्तर ऑस्कर मिळवणारा पहिला नट तो नव्हे, १९७७ मध्ये नट पीटर फिंचला मिळालं होतं. मेसेजमधली एक गोष्ट तेवढी जशीच्या तशी घ्या. जोकरला पहिल्यांदा समोर बघून याच सिनेमातले ज्येष्ठ नट मायकेल केन आपले संवाद विसरले, असं केन स्वतःच सांगतात.

‘भूमिका अंगात शिरली की माणूस वाचत नाही’ या वाक्यावर आमच्या घरात बराच खल झाला. सासूबाई म्हणाल्या, ‘असेल की ओ, आपल्यात नाही का वारं येत अंगात.’ मी त्यांना सुतार मामांची आठवण दिली. रात्री नवाला अंगावर गुलाल-कुंकवाचं रक्त माखून ते ट्रॉलीवर चढायचे. गणपत गल्लीपर्यंत प्रत्येक चौकात एकदा, असे पहाटेपर्यंत वीस-बावीस वेळा धारातीर्थी पडायचे. मग मिशीचा डिंक रॉकेलच्या बोळ्यानं सोडवायचे, दोन पाव आणि मिसळ खायचे आणि आठच्या ठोक्याला रंधा मारायला बसायचे. आज वय बहात्तर. गुडघे दुखतात, ते मात्र बाजीप्रभूंमुळंच.

राहता राहिला शाप. या सिनेमाच्या कामात एक माणूस खरंच दगावला, आणि त्याचं नाव त्या एवढ्या लांब मेसेजमध्ये कुठंही नाही. कॉनवे विक्लिफ. पडद्यामागचा तंत्रज्ञ. २५ सप्टेंबर २००७ ला इंग्लंडमध्ये स्टंटची चाचणी चालू होती, तो गाडीतून चित्रण करत असताना गाडी झाडावर आदळली. सिनेमाच्या शेवटी अर्पणपत्रिका आहे ती दोघांना, हीथ लेजर आणि कॉनवे विक्लिफ.

हे सगळं मेहुण्याला लिहून पाठवलं. दुपारी त्याचं उत्तर आलं, ‘भावोजी, मग तो अठराचाकी ट्रक उभा उलटतो, तो तरी खरा काय?’ होय की, तो खरा. शिकागोच्या लासाल स्ट्रीटवर, ट्रेलरखाली मोठा दट्ट्या बसवून. आत बसून चालवत होता जिम विल्की नावाचा स्टंटमन, आणि तो धडधाकट बाहेर आला.