रिटायर माणसाला मॉलमधला गाळा विकणाऱ्यांनो

सकाळपासून डोकं फिरलंय. लिहिलं नाही तर रात्री झोप यायची नाही, म्हणून लिहितेय. पोस्ट लांबणार आहे, ज्यांना घाई आहे त्यांनी खुशाल पुढे जावं.

माझा आतेभाऊ महापालिकेच्या शाळेत शिक्षक होता, नुकताच रिटायर झाला. फंड, ग्रॅच्युइटी मिळून बऱ्यापैकी रक्कम हातात आली. आज त्याचा फोन. "शुक्रवारी टोकन द्यायचंय, तू सीएच्या ऑफिसात आहेस, जरा कागद नजरेखालून घाल." कसले कागद? तर उपनगरातल्या एका मॉलमध्ये दुसऱ्या मजल्यावरचा गाळा. अठरा लाख. "भाडेकरू बसलेलाच आहे गं, महिना पंधरा हजार. बसल्या जागी दहा टक्के."

मॉलचं नाव लिहीत नाही, उगाच नोटीस नको. पण तुम्ही सगळ्यांनी तसला मॉल पाहिलेला आहे. खाली एटीएम आणि पाणीपुरीवाला चालू, पहिल्या मजल्यावर एक जिम, आणि वर गेलात की शटरच शटर.

दादाला म्हटलं, अरे, नानाकाकांचं काय झालं ते विसरलास? तर म्हणतो, "तेव्हाचा काळ वेगळा होता."

काळ वेगळा होता! ठीक आहे. मग सांगतेच तो काळ.

नानाकाका गोदीत होते. २००७ साली रिटायर झाले. त्या वर्षांत मुंबईत जो उठेल तो मॉल बांधत होता. काकांना कुणीतरी साइटवर नेलं, चकचकीत ऑफिस, काचेच्या पेटीत मॉलचं मॉडेल, आत इवलीइवली माणसं. १७० फुटांचा गाळा, बारा हजार रुपये फूट. वीस लाख चाळीस हजार. ताबा मिळेपर्यंत बारा टक्के 'अशुअर्ड रिटर्न', म्हणजे हमीचा परतावा. वर्षभर चेक आले, काकांनी पेढेही वाटले. मग चेक थांबले आणि बिल्डरचा माणूस फोन उचलेनासा झाला. ताबा मिळाला तेव्हा १७० फूट कुठे होते? मोजपट्टी लावली तर आत जेमतेम नव्वद. बाकीचे फूट पॅसेजमध्ये, जिन्यात, लिफ्टमध्ये. दोन खुर्च्या आणि एक शोकेस ठेवली की तिसऱ्या माणसाने बाहेर उभं राहायचं.

आता बिल्डरांना लगाम घालणारा रेरा कायदा आहे, कार्पेटवरच, म्हणजे आतल्या वापरायच्या जागेवरच विकावं लागतं, हे मान्य. पण ज्या इमारतीचं काम रेराच्या आधीच पुरं झालंय तिथला रिसेलचा गाळा घेताना रेरा तुमच्या कामाला येत नाही. आणि दादाला दाखवलेला गाळा तसलाच आहे.

मॉलमध्ये गाळा घेणारा माणूस दुकान विकत घेतो, गर्दी विकत घेत नाही. दादरला रानडे रोडवर एक खोपटं मिळालं तरी समोरून माणसं जाणारच आहेत. ती माणसं रस्त्याची आहेत, स्टेशनची आहेत, ती कुणाच्या बापाची नाहीत. मॉलमधली गर्दी आणावी लागते. खाली सुपरमार्केट, वर थिएटर, मधे फूड कोर्ट, थंडगार एसी, स्वच्छ संडास, चालू सरकता जिना. यातलं काहीही गाळेवाल्याच्या हातात नसतं. फिनिक्स, इनॉर्बिट, ओबेरॉय चालतात ना, मग हा का नाही चालणार, असं दादा म्हणाला. अरे बाबा, तिथे तुला गाळा विकत मिळणार आहे का? तिथे सगळा मॉल एका मालकाच्या ताब्यात. तो दुकानं भाड्याने देतो, विक्रीतला हिस्साही घेतो, आणि कुठल्या मजल्यावर चपला आणि कुठे डोसा हे तोच ठरवतो. दुकान चाललं नाही तर त्याचंही भाडं बुडतं, म्हणून तो जिवाचं रान करतो. जो बिल्डर गाळे सुटे सुटे विकून मोकळा झाला, त्याला काय पडलंय? त्याचे पैसे पहिल्याच दिवशी वसूल.

मग उरतात पाचशे मालक. एक इथे, एक दुबईत, एक वारला, दोघांची कोर्टात भांडणं. पाचशे जण पंगतीला बसलेत आणि वाढायला कुणीच उठत नाही, अशी गत. ज्याला जो भाडेकरू मिळेल तो त्याने घ्यायचा. साडीच्या दुकानाशेजारी टॅटू, टॅटूशेजारी क्लास, त्याच्या शेजारी ज्योतिषी. साडी घ्यायला आलेली बाई दुसऱ्यांदा येत नाही. एक शटर बंद झालं की शेजारचं डळमळतं. मेंटेनन्स थकतो, एसी बंद, मग लिफ्ट बंद, मग उरलेसुरलेही पळतात. सोसायटी करा म्हणावं तर न विकलेले गाळे अजून बिल्डरकडे, त्याची मर्जी नाही. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होणं, तर दूरच.

काकांच्या मॉलमध्ये आधी तळमजल्यावरचं सुपरमार्केट गेलं. मग थिएटर. काकांचा मोबाइल कव्हरवाला भाडेकरू डिपॉझिट वळतं करून निघून गेला, त्याच्यानंतर आलेल्या अल्टरेशनच्या टेलरने चार महिने काढले. शेवटी काकांनी स्वतःच शटर उघडलं. काकू ड्रेस मटेरियल ठेवायची. संध्याकाळी पाच ते नऊ, दोघं डबा घेऊन बसायची. मी ऑफिस सुटल्यावर कधीतरी जायची. त्या अख्ख्या मजल्यावर दिवसभरात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न कुठला, सांगा? "अंकल, टॉयलेट किधर है?" काकांनी वैतागून खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर मोठा बाण काढला आणि शटरच्या पट्टीला सुतळीने बांधला: 'येथील टॉयलेट बंद आहे. खाली जावे.' सुवाच्य अक्षरात, गोदीच्या रजिस्टरात लिहायचे तसं. लोक वाचायचे आणि तरीही विचारायचे.

हसू येतं ना? तेव्हा आम्हीही हसायचो.

बरं, बंद गाळ्याला खर्च नसतो असं समजू नका. मेंटेनन्स १७० फुटांवर, नव्वदवर नाही! मालमत्ता कर व्यावसायिक दराने. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घराला मुंबईत २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, गाळ्याला तशी दयामाया नाही. शटर उघडा नाहीतर बंद ठेवा, बिल येणारच, वर थकबाकीवर व्याज. काका गेले. आता काकूच्या नावावर चार लाखांच्या वर थकलेत. मध्यंतरी एक गिऱ्हाईक आलं, पाच लाख देतो म्हणालं, थकबाकी तुम्ही भरा. म्हणजे वीस लाखांतून हातात काय येणार, तुम्हीच हिशोब करा. तेही गिऱ्हाईक नंतर फिरकलं नाही.

आता दादाचे दहा टक्के बघू. महिना पंधरा हजार, वर्षाचे एक लाख ऐंशी हजार. मेंटेनन्स जीएसटीसकट साधारण त्रेचाळीस हजार. मालमत्ता कर बावीस हजार. दलालाला दर वर्षी एक महिन्याचं भाडं. भाडेकरू बदलताना गाळा दोन महिने रिकामा राहिला तर आणखी तीस हजार गेले. उरले साधारण सत्तर हजार. आणि घातले किती? अठरा लाख, वर मुद्रांक शुल्क सहा टक्के, वर नोंदणी. साडेतीन टक्क्यांच्या आसपास येतं हो! पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेत तीस लाखांपर्यंत ठेवता येतात आणि सध्या ८.२ टक्के देतात. संडास कुठे आहे ते सांगत बसायची गरज नाही.

एजंटने आणखी एक पुडी सोडली होती. "सर, वहिनींच्या नावावर घ्या, बायकांना मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे." ती सूट राहत्या घराला आहे, गाळ्याला नाही. हे त्याला माहीत नसेल? रोजचं काम आहे त्याचं.

आणि खरी गोष्ट तर पुढेच आहे. भाडेकरूच्या ॲग्रीमेंटची पीडीएफ दुपारी जेवताना मोबाइलवर बघत होते. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, तीनच आठवड्यांपूर्वी नोंदवलेला. भाडेकरूचा पत्ता ओळखीचा वाटला. एजंटचं कार्ड दादाने फोटो काढून पाठवलं होतं, ते उघडलं. तोच पत्ता. तीच बिल्डिंग, तोच मजला, तोच ऑफिस नंबर. म्हणजे भाडेकरू कोण? यांचाच कुणीतरी. पाच-सहा महिने पंधरा-पंधरा हजार देतील, अठरा लाखांतूनच. मग जागा सोडली म्हणून एक पत्र. माझा घास हातातच राहिला.

एजंटला फोन केला. आधी "मॅडम, योगायोग असेल." मग "ताई, घरच्या माणसांनी मध्ये पडलं की मराठी माणसाचा धंदा कधीच होत नाही बघा."

हे वाक्य! हेच वाक्य नानाकाकांना ऐकवलं होतं, त्या काचेच्या मॉडेलसमोर. मराठी माणूस नोकरीच करणार का आयुष्यभर? आणि काका विरघळले. मला राग याचा येतो की त्यांना बरोब्बर माहीत असतं कुठे बोट ठेवायचं. काका लहानपणी गिरगावात एका कापडवाल्याकडे तागे उचलायचे. शटर उघडायचं, शटर लावायचं, पण दुसऱ्याचं. साठाव्या वर्षी त्यांना स्वतःच्या नावाची पाटी लावायची होती, एवढंच. लोभ म्हणू नका कुणी. मला ते ऐकवत नाही. ज्या दिवशी पाटी लागली त्या दिवशी काकू नथ घालून आली होती.

असो.

काही जण म्हणतील, सगळेच सुटे गाळे बुडीत नसतात. नसतील. रस्त्याला तोंड असलेले, स्टेशनला चिकटलेले तळमजल्यावरचे गाळे चालतात, त्यांचे मालक पैसे कमावतात, मान्य. ते गाळे अठरा लाखांत विकायला कुणी येत नाही. आणि रीडेव्हलपमेंट होईल तेव्हा सोनं होईल, असं ज्यांना वाटतं त्यांनी पाचशे मालकांना एका खोलीत बसवून दाखवावं.

मोठमोठ्यांचे मॉल बसले हो. हाजीअलीजवळचं क्रॉसरोड्स आठवतंय? १९९९ साली उघडलं तेव्हा सुरुवातीला मोबाइल नाहीतर क्रेडिट कार्ड दाखवल्याशिवाय सरळ आत सोडत नव्हते, इतकी गर्दी. पुढे त्याचं सोबो सेंट्रल झालं आणि तेही ओस पडलं. ताडदेवसारख्या ठिकाणी ही गत, तर आमच्या उपनगरातल्या दुसऱ्या मजल्याचं काय घेऊन बसलात?

बुडाले तर पैसेच बुडतील, असंही समजू नका. नागपाड्याच्या सिटी सेंटर मॉलला ऑक्टोबर २०२० मध्ये लागलेली आग विझवायला दोन दिवसांहून जास्त लागले, मोबाइलची कितीतरी दुकानं खाक झाली. भांडुपच्या ड्रीम्स मॉलमध्ये हजारावर गाळेधारक, कारभार तेव्हा एनसीएलटीने, म्हणजे कंपनी लवादाने, नेमलेल्या प्रशासकाकडे होता. मार्च २०२१ मध्ये तिथे आग लागली आणि वरच्या मजल्यावरच्या कोविड हॉस्पिटलमधले रुग्ण दगावले. ज्या मॉलमध्ये जिना चालू ठेवायला पैसे नाहीत तिथे आगीचे पंप कोण बघतंय, हा प्रश्न एजंटला विचारून बघा. मी विचारला. फोन कट.

मॉलच्याच धंद्यात पैसे घालायची खाज असेल तर मॉलचा रीट असतो, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून मॉल घेणारा आणि शेअरसारखा विकता येणारा ट्रस्ट; नेक्सस सिलेक्ट ट्रस्ट २०२३ मध्ये बाजारात आला. घ्या म्हणत नाही, तो खाली-वर होतो. पण नको झाला तर विकता येतो. काकूच्या गाळ्याला तो दरवाजाच नाही.

दादा अजून रुसलेला आहे. "तू प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस." काढते, त्याचाच पगार मिळतो मला. वहिनी शहाणी. संध्याकाळी येऊन चेकबुक माझ्या कपाटात ठेवून गेली आणि चहासुद्धा न घेता निघाली, कारण तो खाली रिक्षात बसला होता.

आता ज्यांचे गाळे आधीच अडकलेत त्यांच्यासाठी. तुमच्यावर मी चिडलेली नाही, कृपया तसं वाटून घेऊ नका. मालमत्ता कर थकवू नका, पालिका जप्तीची नोटीस लावते. मेंटेनन्सच्या बिलात मान्य नसलेले आकडे असतील तर लेखी हरकत घ्या, तोंडी भांडून काही होत नाही. गाळेधारकांची यादी जमवा, सोसायटीची नोंदणी आणि डीम्ड कन्व्हेयन्स (बिल्डर सही करत नसला तरी मिळणारं) यासाठी उपनिबंधकांकडे एकत्र जा, एकेकटे गेलात तर हेलपाटेच होतील. वारसाचं नाव लावायचं राहिलं असेल तर तेही उरका. काकूचं आम्ही आत्ता करतोय, कागदांचा गठ्ठा हा एवढा.

अर्जांचे मसुदे माझ्याकडे आहेत, इनबॉक्समध्ये मागा, फी वगैरे काही नाही. रविवारी सकाळी उत्तरं देईन, आठवड्यात रिटर्न भरायची गडबड आहे. एजंट मंडळींनी मेसेज करू नये, ब्लॉक करीन.